न पेटणारे पाइप

छंद या प्रकाराबद्दल माझ्या मनात सहसा आकस नसतो. कुणी तिकिटं जमवावी, कुणी काड्यापेट्यांचे छाप, कुणी नुसती येणी. पण जन्मात विडी न ओढलेला माणूस जुने कोरीव लाकडी पाइप जमवू लागला, की माझं टाळकं फिरतं.

असा एक गृहस्थ माझ्या परिचयाचा आहे. दादरला त्याच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे आणि आत ओळीने एकोणीस पाइप. एकावर शिंगांचं हरीण, एकावर दाढीवाला म्हातारा. येईल त्याला तो ब्रायरचं माहात्म्य ऐकवतो. भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ, सहजी जळत नाही, फ्रान्समधल्या सेंट क्लोद गावचे कारागीर... तोवर आपला चहा निवतो. यातला एखादा पाइप ओढत कोण होतं, असं विचारलंत, तर देवळात चपला घालून आल्यासारखा तो तुमच्याकडे बघतो.

असो. फ्रान्सचं फ्रान्स बघून घेईल. पण हा गृहस्थ पावसला आला!

पावसला माणसं येतात ती स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीच्या दर्शनाला. यानेही दर्शन घेतलं आणि मग आमच्या वाडीत "जुनी गुडगुडी आहे का हो?" करीत घरोघर हिंडू लागला. त्याचा अंदाज चूक नव्हता. जिथे नारळ तिथे गुडगुडी. अख्ख्या करवंटीत पाणी, वर लाकडी नळी, नळीवर चिलीम, बाजूच्या भोकातून धूर ओढायचा. तुर्कांच्या त्या नखरेल 'नर्गिले'चं नावसुद्धा फारसीतल्या नारळावरून पडलेलं आहे. आणि तंबाखूचं म्हणाल, तर पोर्तुगीजांबरोबर ती समुद्रावाटे आली आणि १६०४ च्या सुमाराला असद बेगाने ती जडावाच्या नळीसकट विजापूरहून अकबर बादशहापुढे नेऊन ठेवली. हकिमाने तेव्हाच नाक मुरडलं होतं. एकूण आग्र्याच्या दरबाराने दम मारायला शिकावं ते दक्षिणेकडून.

वाडीच्या टोकाला अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एक आजी असतात. त्यांच्या माळ्यावर गुडगुडी निघाली. करवंटी हाताळून काळीभोर झालेली, नळीवर वेलबुट्टी.

"कशाला हो तुम्हांस ती? ओढता होय?"

"छे छे! मी फक्त जमवतो."

"मग आमच्या मामंजींपेक्षा बरे तुम्ही."

आणि आजी सांगत बसल्या. पहाटे ओटीवर गुडगुड सुरू झाली, की माजघरात कळायचं, मामंजी उठले. थांबली की चहा बाहेर पाठवायचा. सुनांनी सासऱ्यांशी बोलायची पद्धत नव्हती. घराचं सारं वेळापत्रक त्या आवाजावर. सुपारीचा भाव पडला की गुडगुड दुप्पट वेगाने चालायची आणि त्या दिवशी कुणी लुगड्याचा विषय काढत नसे.

हे चाललेलं असताना आमचा गृहस्थ बॅटरीच्या उजेडात वेलबुट्टीची पानं मोजत होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "शंभर वर्षं झाली असतील ना?" शंभरी भरली, की १९७२ च्या कायद्याने वस्तू पुरावशेष ठरते. तिची ने-आण, तिचा धंदा, सगळ्याला सरकारी नियम. शंभरीला टेकलेल्या माणसांसाठी असा कायदा नाही. त्यांना कुणीही न विचारता मरू देता येतं.

आज ती गुडगुडी दादरच्या कपाटात आहे. खाली चिठ्ठी : 'हुक्का, कोकण, १९ वे शतक'. माझं भांडण आहे ते या चिठ्ठीशी. कोकण केवढं! मामंजी कुठे गेले? सुपारी कुठे गेली? विकत घेतली ती करवंटी, आणि तिच्यासोबत फुकट मिळत होतं ते ओटीवरच टाकून आला.

कुणी म्हणेल, जमवणं पापच का? मुळीच नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) अडकित्ते, पानाचे डबे, दिवे जमवत जन्म घालवला. पण बालपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला देऊन सारा संग्रह सरकारच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या स्वाधीन केला. तिथला अडकित्ता बघताना सुपारी कातरणारा हात डोळ्यांपुढे येतो. दादरच्या कपाटापुढे फक्त किंमत येते.

"माळ्यावर वाळवीने खाल्ली असती," हे त्याचं ठेवणीतलं उत्तर. खरंच आहे ते. निम्म्या वाडीला कुलपं आहेत. मालक बोरिवलीत, किल्ली शेजारी, कौलं फुटलेली. त्यात आता मोबाइलवर फोटो गेला की संध्याकाळी गिऱ्हाईक दारात. न्या बाबांनो, वाळवीच्या आधी न्या. पण अर्धा तास ओटीवर टेका. कुणाची, कुठल्या घरची, तंबाखू कुठून यायची, कुणी भरून द्यायचं, एवढं लिहून घ्या. वाळवी वस्तू खाते, पण निदान खाली खोटी चिठ्ठी लावत नाही. (एकोणिसावं शतक कशावरून? वेलबुट्टीवरून!)

मी हे त्याला सुनावलं. चिठ्ठीवर जागा नाही, म्हणाला. मग आजींकडे पुन्हा जाऊन सगळी हकीकत दोन पाठकोऱ्या कागदांवर उतरवली आणि घरात पडून असलेली जुनी तिकिटं डकवून पोस्टाने धाडली. आठवड्याने त्याचा फोन आला. पाकिटावरची तिकिटं फार आवडली म्हणाला. आणखी आहेत का?