नालासोपारा स्टेशनच्या गर्दीत अडकलेली आपल्या मुलींची तालीम

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालक येतात. पूर्वी पहिला सवाल असायचा, "सर, कोणती लाइन घ्यावी?" हल्ली पहिला सवाल असतो, "कॉलेज कुठल्या स्टेशनला आहे?" मुलीला 80 टक्के मिळालेले असतात, तिला शिकायचं असतं, अब्बूंचीही ना नसते. पण सकाळी साडेसातला नालासोपारा स्टेशनवर ती लोकलमध्ये चढणार कशी, या एका प्रश्नावर घरातली चर्चा थांबते. मग जवळचं, सोयीचं काहीतरी निवडलं जातं. काही वेळा काहीच निवडलं जात नाही.

म्हणून आज नालासोपारा स्टेशनबद्दल लिहायचं आहे. हा विषय फक्त रेल्वेचा नाही. आपल्या घरातल्या तालीमचा, रोजगाराचा आणि जिवाचा आहे.

लोकलची सुरुवातच आपल्याकडून

फार जणांना माहीत नसेल, पण मुंबईची पश्चिमेकडची उपनगरी गाडी सुरू झाली तीच विरारहून. 12 एप्रिल 1867 रोजी विरार ते बॅकबे अशी रोज एक गाडी जायला आणि एक यायला लागली. तेव्हा नालासोपाऱ्याचं नाव 'नीला' होतं आणि वसईचं 'बेसिन'. त्याच्याही आधी सोपारा हे मोठं बंदर होतं. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे इथे सापडले, आणि अरब प्रवाशांनी 'सुबारा' या नावाने याची नोंद केली. म्हणजे हा गाव कधीच कोपऱ्यातला नव्हता. माणसं इथं येत-जात राहिली, फक्त गलबतांच्या जागी लोकल आली.

1936 मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोहोचली. 2007 मध्ये बोरिवली-विरार चार मार्गिका पूर्ण झाल्या. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली. हे सगळं झालं, नाही असं नाही. पण माणसं त्याहून वेगाने वाढली. मुंबईत दहा बाय दहाची खोली परवडेना, तेव्हा भेंडी बाजार, कुर्ला, जोगेश्वरी, बांद्र्याची कुटुंबं इकडे सरकली. हिंदू-मुस्लिम, मराठी-उत्तर भारतीय, सगळेच. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या 12 लाखांच्या वर होती. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती आपण रोज बघतो. घर इथं मिळालं, नोकरी मात्र तिथंच राहिली.

रिटर्न आणि फोर्थ सीट

बसायला मिळावं म्हणून नालासोपाऱ्याची माणसं आधी उलट विरारला जातात आणि त्याच गाडीने परत येतात. याला आपण 'रिटर्न मारणं' म्हणतो. विरारचे प्रवासी त्यावरून चिडतात, भांडणं होतात. तिघांच्या बाकावर चौथा माणूस अर्धा अधांतरी बसतो आणि 'फोर्थ सीट' मिळाली म्हणून शुक्र करतो. पुढे वसई, नायगावला दारात उभं राहायलाही जागा नसते. रात्री परततानाही हीच कथा. रमजानमध्ये मगरिबच्या वेळी गाडीतच रोजा सोडणारे कितीतरी जण आहेत. अनोळखी माणूस सरकून जागा देतो, कुणी पाण्याची बाटली पुढे करतो. गर्दीतली ही माणुसकी खरी आहे. पण तिच्या आडून व्यवस्थेने आपली जबाबदारी झटकू नये.

कारण ही गर्दी जीव घेते. 2024 मध्ये विरारच्याच एका नियमित प्रवाशाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सुनावणी घेतली. 2023 या एका वर्षात उपनगरी रेल्वेवर 2,590 जणांचा मृत्यू झाल्याचा आकडा याचिकेत होता. म्हणजे दिवसाला सात. माणसांना जनावरांसारखं नेलं जातं ही शरमेची गोष्ट आहे, अशा शब्दांत न्यायालयाने रेल्वेला सुनावलं. पुढच्याच वर्षी, 9 जून 2025 रोजी, मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी धावत्या गाडीतून पडले आणि त्यांतले काही जिवाला मुकले.

दरवाजा बंद केला म्हणजे झालं?

मुंब्र्यानंतर रेल्वेने आपोआप बंद होणाऱ्या दरवाजांची घोषणा केली. दरवाजे हवेतच. पण आत जागा नसताना दरवाजा बंद केला, तर बाहेर राहिलेला माणूस प्लॅटफॉर्मवरच राहतो. त्याचा लेट मार्क कोण भरून देणार?

एसी लोकलचंही तसंच. डिसेंबर 2017 मध्ये ती पश्चिम रेल्वेवर पहिल्यांदा धावली. 2022 मध्ये एकेरी तिकिटाचे दर निम्मे झाले, पासचे मात्र नाहीत. आपल्याकडचा कामगार, शिलाई करणारी खाला, डिलिव्हरी करणारा पोरगा, हे सगळे सेकंड क्लासच्या पासवाले. साध्या गाडीच्या जागी एसी गाडी आली की त्यांच्यासाठी एक गाडी कमी होते आणि मागची गाडी आणखी भरते. एसीला आमचा विरोध नाही. ती जादा फेरी म्हणून यावी, साध्या गाडीच्या बदल्यात येऊ नये, इतकंच.

खरा उपाय गाड्या वाढवण्याचा आहे, आणि त्यासाठी रूळ लागतात. बोरिवली-विरार पाचवी-सहावी मार्गिका 2019 मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी-3ए मध्ये आहे. त्याच योजनेत वसई रोड आणि नालासोपारा स्टेशनच्या सुधारणाही आहेत. मंजुरी आणि प्रत्यक्ष गाडी यांच्यामध्ये एक अख्खी पिढी कॉलेजच्या वयातून निघून जाते, हे योजना आखणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

लोकल बंद, तर सगळं बंद

जुलै 2018 च्या पावसात रूळ पाण्याखाली गेले आणि सगळं वसई-विरार घरी बसलं. जुलै 2020 मध्ये लोकल फक्त अत्यावश्यक सेवेसाठी होती. एसटी बस मिळेना, तेव्हा वैतागलेले लोक नालासोपाऱ्यात रुळांवर उतरले. रूळ अडवणं चूकच, त्याने दुसऱ्या गरिबाचाच खाडा होतो. पण त्या दिवशी एक गोष्ट उघड झाली: या शहराला मुंबईशी जोडणारी दुसरी भरवशाची वाट नाही. 2024 मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, ती चांगली सोय आहे. पण लाखोंचा भार ती कशी उचलणार?

आता आपण काय करायचं?

पहिलं, मागणी नेमकी हवी. सकाळच्या वेळी नालासोपारा आणि वसईहून सुटणाऱ्या गाड्या वाढवा. 1992 मध्ये चर्चगेट-बोरिवली सुरू झालेली लेडीज स्पेशल वर्षभरात विरारपर्यंत आली होती. आता मुलींच्या कॉलेजच्या वेळा बघून तिच्या फेऱ्या वाढवा. ही मागणी कोणा एका जमातीची नाही. मशिदीच्या ट्रस्टींनी, सोसायट्यांनी, चर्चच्या मंडळींनी, महिला बचत गटांनी एकत्र सह्या करून रेल्वे प्रशासनाकडे, खासदारांकडे द्यावी आणि पोहोच घ्यावी.

दुसरं, मागणी फक्त रेल्वेकडे नको. प्रत्येक मुलीला अंधेरी-चर्चगेट का गाठावं लागतं? वसई-विरारमध्येच चांगली, परवडणारी पदवी महाविद्यालयं, अभ्यासिका आणि सरकारी वसतिगृहं हवीत. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला हे विचारा.

आणि तिसरं घरातलं. लोकलच्या भीतीने मुलीचं शिक्षण थांबवू नका. तीन-चार मुलींचा ग्रुप करून पाठवा, कॉलेजची वेळ गर्दीच्या आधीची किंवा नंतरची निवडा. रेल्वेचा हेल्पलाइन नंबर 139 तिच्या मोबाइलमध्ये असू द्या. मुलांनाही बजावून सांगा, एक गाडी सुटली तरी चालेल, दारात लटकायचं नाही.

पुढच्या निकालाला पालक येतील तेव्हा पहिला सवाल पुन्हा "कोणती लाइन घ्यावी" हाच असावा, एवढी आमची इच्छा आहे. त्यासाठी अर्ज आजच लिहायला घेऊ या. मराठीत लिहायला मदत हवी असेल तर आम्ही शिक्षक मंडळी आहोतच.