पाळण्यांतून पाहिलेली हिमनदी

“पर्वत पायांनीं चढावा, पाळण्यांत बसून शिखर गांठणें ही आळशाची यात्रा होय,” असें मत आमच्या एका शिक्षकबंधूंनीं नुकतेंच बोलून दाखविलें. त्यांचा रोख प्रस्तुत लेखकाच्या गतवर्षींच्या आल्प्स-प्रवासावर होता. त्या प्रवासांत माझ्या हातून एक चूक घडली हें मला मान्य आहे. परंतु ती पाळण्यांत बसण्याची नव्हे.

फ्रान्स देशांत माँ ब्लाँ पर्वताच्या पायथ्याशीं सुमारें १०३५ मीटर उंचीवर शामोनी हें गांव वसलें आहे. तेथून ‘एग्वी द्यु मिदी’ नामक सुळक्यावर १९५५ सालीं रज्जुमार्ग सुरू झाला. वाटेंत २३१७ मीटरांवर पाळणा बदलावा लागतो. पुढील सुमारें तीन किलोमीटरांच्या टप्प्यांत तारेस मध्यें एकाही खांबाचा आधार नाहीं. सुळक्याचा माथा ३८४२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या सवादोन पटींहून अधिक उंच. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो. दहा-बारा पायऱ्या चढतांच मला धाप लागली.

आमच्याच पाळण्यांत काठी टेकीत आलेले एक वृद्ध गृहस्थ होते. वरच्या सज्जावर ते बराच वेळ निःशब्द उभे राहिले. जें दर्शन पूर्वीं केवळ बळकट गिर्यारोहकांसच लाभे, तें या यंत्रामुळें अशा दुर्बळांसही लाभतें. त्यांस ‘आळशी’ म्हणण्याचें धाडस मला तरी होत नाहीं.

मी मात्र तेथें तासभर केवळ छायाचित्रें काढीत होतों. माँ ब्लाँच्या उतारावरून दरीकडे झेपावणाऱ्या एका विशाल हिमनदीकडे पाठ करून मीं स्वतःचेंही एक छायाचित्र काढविलें. तिचें नांव विचारण्याचें मला सुचलें नाहीं. सायंकाळीं मुक्कामीं माहितीपुस्तक चाळतांना तें कळलें: बोसाँ हिमनदी. आणि मी चरकलों.

कारण हिचा आपल्याशीं संबंध आहे. १९५० च्या नोव्हेंबरच्या ३ तारखेस मुंबईहून लंडनकडे निघालेलें एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ विमान माँ ब्लाँवर आदळून ४८ जण मृत्युमुखीं पडले. पुढें १९६६ च्या जानेवारीच्या २४ तारखेस त्याच पर्वतावर ‘कांचनगंगा’ हें विमान कोसळलें. त्यांतील सर्व ११७ जण गेले, त्यांतच डॉ. होमी भाभा होते. ज्यांचें चरित्र मी दरवर्षीं वर्गांत सांगतों, त्यांच्या मृत्युस्थळाकडे पाठ करून मी कॅमेऱ्यासमोर हंसत उभा होतों!

हिमनदी स्थिर दिसते, पण स्थिर नसते. स्वतःच्या भारानें ती हळूहळू खालीं सरकते, आणि वर गाडलें गेलेलें अनेक वर्षांनीं खालीं वितळत्या बर्फांतून प्रकट करिते. २०१२ सालीं या बर्फांत भारत सरकारची टपालाची थैली सांपडली. २०२० सालीं इंदिरा गांधींच्या निवडीची वार्ता देणारीं १९६६ चीं वर्तमानपत्रें निघालीं. त्यांवरील अक्षरें वाचतां येत होतीं. हवेच्या वाढत्या उष्णतेनें ही नदी आक्रसत चालली आहे, म्हणून तिच्या पोटांतील ठेवा अधिकच उघडा पडत आहे.

आतां आमच्या बंधूंच्या आक्षेपाकडे वळूं. मी पायीं चढलों असतों तर मला ही हिमनदी ओळखतां आली असती काय? मुळींच नाहीं; मी अधिक दमलों असतों, इतकेंच. १७८६ सालीं जाक बाल्मा व डॉक्टर पाकार यांनीं माँ ब्लाँचें शिखर प्रथम सर केलें, तेव्हां पाकार यांनीं हवेचा दाब मोजण्याचें यंत्र बरोबर नेलें होतें. त्यांच्या पायांत बळ होतें, तसाच मनांत प्रश्नही होता. पायांचें काम आज यंत्र करूं शकतें. प्रश्न मात्र ज्याचा त्यानेंच बरोबर न्यावा लागतो. फार तर असें म्हणतां येईल कीं, ज्याचे श्रम वाचले त्याच्यावर लक्षपूर्वक पाहण्याचें ऋण अधिक चढतें.

विद्यार्थिमित्रहो, रायगडावरही आज रज्जुमार्गानें जातां येतें. खुशाल जा, त्यांत कमीपणा नाहीं. परंतु निघण्यापूर्वीं एक संध्याकाळ त्या स्थळाविषयीं वाचण्यांत घालवा. मीं ती संध्याकाळ परत आल्यावर घालविली, आणि तेव्हां डोंगर माझ्या मागें राहिला होता.