यादीतली नावे, यादीबाहेरची माणसे

राष्ट्रीय संघाची यादी जाहीर झाली की आपण ती नावांसाठी वाचतो : कोण आत आला, कोण गळला, कुणावर अन्याय झाला. 'वर्ल्ड बेसबॉल क्लासिक' या स्पर्धेतील याद्या मात्र थोड्या निराळ्या रीतीने वाचाव्या लागतात. 2006 साली सुरू झालेल्या या स्पर्धेत देशाच्या संघात येण्यासाठी त्या देशाचे पारपत्र हातात असणे सक्तीचे नाही. जन्म तेथला असला, कायमचे वास्तव्य तेथे असले, आई-वडिलांपैकी एकाचा जन्म तेथे झालेला असला, तरी चालते. एवढेच नव्हे, तर त्या देशाच्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व मिळण्यास खेळाडू पात्र असला, मग ते त्याने प्रत्यक्ष घेतलेले असो वा नसो, तरीही पुरते.

या सैल नियमामुळे याद्या मोठ्या चमत्कारिक दिसू लागतात. पेनसिल्व्हेनियात जन्मलेला माइक पियाझा 2006 साली इटलीकडून खेळला. 2017 साली इस्राएलच्या संघात बहुसंख्य खेळाडू अमेरिकेत जन्मलेले ज्यू होते. त्यांनी सोलमध्ये दक्षिण कोरिया, तैवान आणि नेदरलँड्स या तिघांना हरवले. नेदरलँड्सचा संघ तरी कुठे 'डच' म्हणावा असा? त्याची खरी ताकद कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ आणि अरुबा या बेटांतून येते. तेव्हा 'ही राष्ट्रे उसनी आहेत', 'आजीच्या जन्मदाखल्यावर देशभक्ती होत नसते', असे आक्षेप दर स्पर्धेच्या वेळी घेतले जातात.

मला हे आक्षेप पटत नाहीत. एरिक हॉब्सबॉम यांनी राष्ट्रवादावरील आपल्या ग्रंथात खेळाच्या संघाकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे : कोट्यवधी अनोळखी माणसांचा अमूर्त समूह मूठभर नावांच्या रूपाने डोळ्यांसमोर उभा राहतो. हे मान्य केले, तर ती नावे कोणती हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. नावे बदलली की समूहाची स्वतःविषयीची कल्पनाही हलते.

2023 साली जपानने ती हललेली पाहिली. लार्स नूटबार हा कॅलिफोर्नियात जन्मलेला आणि वाढलेला खेळाडू. आई जपानी, वडील अमेरिकन. केवळ आईच्या नात्याने या स्पर्धेच्या जपानी संघात आलेला तो पहिलाच. त्याची निवड झाली तेव्हा शंका घेणारे कमी नव्हते. त्याला जपानी भाषा फारशी येत नव्हती. पण त्याच्या 'तात्सुजी' या मधल्या नावावरून केलेले 'तात्चान' हे लाडके नाव छापलेले सदरे घालून सहकाऱ्यांनी त्याचे स्वागत केले, आणि मिरपूड दळल्यासारखी मुठी फिरवण्याची त्याची लकब पाहता पाहता सगळ्या संघाची, मग प्रेक्षकांची झाली. जपानने अंतिम सामना 3-2 असा जिंकला. पण तो हरला असता तरी एक गोष्ट घडून गेलीच होती : 'जपानी' या शब्दात पूर्वी न मावणारा एक चेहरा आता त्यात मावत होता.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नसावा. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे. घर एकच, मातृभाषा एकच. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, पण 1973 चे ज्ञानपीठ त्यांना कन्नड कवी म्हणून मिळाले. कन्नड वाचकांनी त्यांना उसने कवी मानले नाही. ज्या भाषेत त्यांनी आपले आयुष्य ओतले ती त्यांची, एवढा निकष पुरला. आणखी एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही : ही निवड करताना यांपैकी कुणालाही सरकारी खात्याची परवानगी मागावी लागली नाही.

बेसबॉलच्या यादीची खरी अडचण येथे आहे, आणि ती क्यूबाच्या बाबतीत स्पष्ट दिसते. हा खेळ ज्या देशाच्या हाडीमाशी खिळला आहे, त्या क्यूबाचा संघ 2006 साली उपविजेता ठरला. पण त्या संघाला अमेरिकेत पाऊल ठेवू द्यायचे की नाही, हे अमेरिकेच्या अर्थखात्याने ठरवले. त्या खात्याने निर्बंधांवर बोट ठेवून आधी परवाना नाकारला, आणि मग दिला. दुसरीकडे, देश सोडून अमेरिकेतील व्यावसायिक संघांकडे गेलेल्या खेळाडूंना क्यूबाचे सरकार पळपुटे मानी आणि राष्ट्रीय संघाची दारे त्यांना बंद करी. म्हणजे ज्यांचा जन्म, बालपण, खेळाचे शिक्षण सारे क्यूबात झाले, तेच क्यूबाच्या यादीबाहेर. आणि आई-वडिलांच्या जन्मस्थळावरून अन्य देशांचे संघ भरत होते! 2023 साली अमेरिकेने परवाना दिला, क्यूबाने निमंत्रणे धाडली, आणि योआन मोंकाडा व लुइस रॉबर्ट हे अमेरिकेत खेळणारे खेळाडू प्रथमच मायदेशाच्या गणवेशात दिसले. उपान्त्य सामना 19 मार्चला मायामीत झाला, तोही निर्वासित क्यूबन लोकांच्या 'लिटल हवाना' या वस्तीतील मैदानावर. बाहेर निदर्शने झाली, काही निदर्शक खेळपट्टीपर्यंत घुसले. क्यूबा 14-2 असा हरला.

दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर क्यूबात जन्मलेला आणखी एक खेळाडू उतरला, मेक्सिकोच्या गणवेशात. रँडी अरोझारेना 2015 साली लहानशा नावेतून समुद्र ओलांडून मेक्सिकोला पोहोचला होता. तेथे त्याला आसरा मिळाला, तेथे त्याची मुलगी जन्मली, आणि 2022 साली तो तेथला नागरिक झाला. जपानविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने कुंपणापाशी उंच उडी मारून एक निश्चित होमरन हवेतच झेलला आणि हाताची घडी घालून शांत उभा राहिला. मेक्सिको अखेरच्या डावात 6-5 असा हरला. पण त्या संध्याकाळी त्याला 'उसना मेक्सिकन' म्हणण्याचे धाडस कुणी केले असते असे वाटत नाही.

तेव्हा पात्रतेचा नियम सैल आहे ही तक्रार सोडून द्यावी, असे मला वाटते. तो सैल आहे म्हणूनच नूटबारला आईचा देश मिळाला आणि अरोझारेनाला आसऱ्याचा. तक्रार करायची तर नकाराधिकाराविषयी करावी : खेळाडू 'मी यांचा' म्हणतो आहे, समूह 'हा आमचा' म्हणायला तयार आहे, आणि मधे एखादे सरकार परवाना किंवा निष्ठेचा दाखला मागत उभे आहे. तो अधिकार शाबूत असेपर्यंत प्रत्येक यादीला एक न छापलेली पुरवणी असते. अध्यापकांना एवढेच सुचवावेसे वाटते की 'अस्मिता' हा विषय वर्गात शिकवताना अशी एखादी यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, आणि तिच्यात कोण आहे हे विचारण्याआधी कोण नाही, आणि कुणाच्या सांगण्यावरून नाही, हे विचारावे.