धांवण्याचा हक्क

१९७२ सालीं म्यूनिकच्या ऑलिंपिकमध्यें फ्रँक शॉर्टर यांनीं मॅरेथॉन जिंकली आणि अमेरिका धांवूं लागली, असें सांगण्याचा प्रघात पडला आहे. हें अर्धसत्य आहे, असें आमचें मत आहे. विजेते पूर्वीही होतेच. १८९६ सालीं अथेन्सची शर्यत स्पिरिडॉन लुई यांनीं २ तास ५८ मिनिटांत जिंकली. पुढच्याच वर्षीं बोस्टनची शर्यत सुरू झाली. मग त्यानंतर साठ-सत्तर वर्षें सामान्य माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून नुसत्या टाळ्या कां वाजवीत राहिला?

धांवणें हें जिंकूं शकणाऱ्यांचेंच काम, ही समजूत दृढ होती म्हणून! ती मोडली न्यूझीलंडमध्यें. आर्थर लिडियार्ड यांनीं तेथील मध्यमवयीन गृहस्थांस सावकाश धांवावयास लावलें. १९६२ सालीं ऑरेगन विद्यापीठाचे नामांकित धांवशिक्षक बिल बॉवरमन तेथें गेले, तेव्हां या वयस्क मंडळींबरोबर धांवतांना त्यांचीच दमछाक झाली. परत आल्यावर १९६७ सालीं त्यांनीं एका हृदयरोगतज्ज्ञासह ‘जॉगिंग’ हें पुस्तक काढलें. हळू धांवण्यांत लाज नाहीं, हें त्याचें सार.

हा सारा जोडे विकणाऱ्यांचा बनाव, असें कांहीं विद्वान म्हणतात. बॉवरमन जोड्यांच्या धंद्यांत भागीदार होते, हें आम्हांसही ठाऊक आहे. पण केवळ जोडा घेतला म्हणून कोणी बेचाळीस किलोमीटर धांवत नाहीं.

स्त्रियांना मात्र हळू धांवण्याचीही मुभा नव्हती. १९२८ सालीं ॲम्स्टरडॅम येथें ८०० मीटरच्या शेवटीं कांहीं स्त्रिया थकलेल्या दिसल्या. तेवढ्यावरून ती शर्यत स्त्रियांसाठीं १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून बाद झाली. पुरुष कोसळला तर तो वीर, स्त्री दमली तर तो तिच्या अपात्रतेचा पुरावा! १९६६ सालीं बॉबी गिब यांनीं क्रमांकाविना बोस्टनची शर्यत पुरी केली. म्हणजे शंकेस जागाच उरली नव्हती. तरीही पुढच्या वर्षीं, आद्याक्षरांनीं नांव नोंदवून धांवणाऱ्या कॅथरिन स्विट्झर यांचा २६१ हा क्रमांक हिसकण्यास शर्यतीचा एक अधिकारी धांवून आला. त्या तशाच पुढें गेल्या. बोस्टननें दार उघडलें १९७२ सालीं, ऑलिंपिकनें १९८४ सालीं. त्या पहिल्याच वेळीं लॉस एंजेलिस येथें जोन बेनॉइट यांनीं २ तास २४ मिनिटें ५२ सेकंद घेतले. लुई यांच्याहून सुमारें ३४ मिनिटें कमी, आणि अंतर दोन किलोमीटर अधिक.