कोणत्या ग्रामदेवतेला नमस्कार?

चैत्र पौर्णिमेस घरोघरी मारुतिजन्माचा सुंठवडा वाटला जातो. त्याच सुमारास पुण्याच्या वायव्येस हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाची यात्रा भरते. हिंजवडीहून निघालेले बगाड भंडाऱ्याच्या उधळणीत वाकडच्या देवळाकडे येते. ही वाट पूर्वी शिवारातून जात असे. आज तिला मुंबई-बंगळूर महामार्ग छेदतो, दुतर्फा उंच इमारती उभ्या आहेत आणि बगाडासाठी पोलिसांना वाहने दुसरीकडे वळवावी लागतात.

वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेजारी हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञान उद्योगांची वसाहत वाढली. नांगर सुटले, शेते विकली गेली, बलुती आटली. गावपणाच्या खुणा म्हणून उरले ते गावठाण आणि देऊळ.

तरीही यात्रा टिकली. याचे कारण, आमच्या मते, मानाच्या प्रथेत आहे. गावजत्रेत निरनिराळ्या घराण्यांकडे निरनिराळी सेवा असते. खरेदीखताने जमीन दुसऱ्याची होते, सेवेचा मान होत नाही. म्हणूनच शेत गेलेला शेतकरी त्या दिवशी पुन्हा गावकरी होतो.

परंतु याच प्रथेची दुसरी बाजूही आहे. इमारतींत राहावयास आलेल्या हजारो कुटुंबांना या व्यवस्थेत स्थान नाही. त्यांच्या लेखी यात्रा म्हणजे एक दिवस बंद असलेला रस्ता. देव जुन्या गावाचा आणि शहर नव्या रहिवाशांचे, अशी वाटणी झाली, तर काही पिढ्यांनी देवाला वाट मागणेही कठीण होईल.

वस्तुतः हीच कुटुंबे सत्यनारायणाच्या पूजेस बसतात, तेव्हा आरंभी कुलदेवतांबरोबर ग्रामदेवतांनाही नमस्कार करतात. कुलदैवत जेजुरीचे असो वा तुळजापूरचे, ते कुळाबरोबर येते. ग्रामदैवत मात्र भूमीचे असते. वाकडला चूल मांडणाऱ्याचा तो नमस्कार म्हातोबालाच पोहोचतो. करणाऱ्याला त्याची जाणीव नसते, इतकेच.

महापालिकेने यात्रेची वाट कायमची राखावी, जुन्या गावकऱ्यांनी नव्यांना सेवेत सामावून घ्यावे आणि नव्यांनी वर्षातून एकदा तरी नारळ घेऊन देवळाची पायरी चढावी. गाव महानगरात विलीन झाले, तरी त्याच्या सीमेचा राखणदार अद्याप तेथेच उभा आहे. आपण त्याच्या छायेत राहतो, एवढे ओळखले तरी या पौर्णिमेचे सार्थक झाले, असे आम्ही मानू.