मोठे टायर, खोटा काटा

नवेगावबांधला मुक्कामाला जायचं म्हणून मित्राने जुन्या बोलेरोत पलंग, पाण्याची टाकी वगैरे बसवली. आता म्हणतो, "टायर पण मोठे टाकू, धानाच्या बांध्यांतला चिखल बघितलास ना?"

मी गणितच मांडलं. २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ टाकले, तर व्यास ७०३.५ वरून ७३३.५ मिमी. म्हणजे गाडी उचलली जाणार जेमतेम १५ मिमी! आणि काटा आज बरोबर असेल, तर उद्या ८० दाखवताना खरा वेग ८३ च्या पुढे. पिकअप मंद, ब्रेकला जोर जास्त. वर टाकीचं वजन आहेच. कोहमाऱ्याजवळ हायवेवर बैल आडवा आला तर? मागे पोरं झोपलेली असतात राव!

टाकी अर्धीच भर, म्हटलं. पण ऐकतोय कुठला, टायर आधीच बुक केलेत.