वाघाला नाव आहे, जंगलाला नाही

दूरदर्शनवर 1993 साली ‘द जंगल बुक’ ही मालिका हिंदीतून सुरू झाली आणि रविवारची सकाळ मोगलीच्या मालकीची झाली. मालिका मूळची जपानी, 52 भागांची. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने ती केली आणि जपानमध्ये ती 1989-90 मध्ये दाखवली गेली. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचे, त्याचे संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. आज चाळिशीत असलेल्या कोणालाही विचारा, एवढे तो एका दमात सांगेल. मग पुढचा प्रश्न विचारा. बालू अस्वलाचा आवाज कोणाचा? बघीराचा? त्या अजगराचा? आणि खुद्द मोगलीचा? सांगणारा तिथे अडखळतो. आवाज कानात अजून जसाच्या तसा आहे, तो काढूनही दाखवता येतो. नाव मात्र येत नाही.

सगळ्या जंगलात एकट्या वाघाला नाव मिळाले याचे कारण उघड आहे. नाना पाटेकर तोपर्यंत ‘परिंदा’ आणि ‘प्रहार’मुळे घराघरांत माहीत झाले होते. आवाजावरून माणूस ओळखला गेला नाही, माणूस आधीच ओळखीचा होता म्हणून आवाज ओळखला गेला. पुढे 2016 मध्ये डिस्नेच्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत शेरखान पुन्हा त्यांच्याच आवाजात बोलला आणि त्या वेळी बालूला इरफान खान, बघीराला ओम पुरी असे नामवंत मिळाले. त्यांची नावे जाहिरातीत होती. ते योग्यच झाले. पण 1993 च्या रविवारी ज्यांनी एका पिढीला अस्वलाचा लळा लावला, त्यांच्या नावांवरची धूळ त्यामुळे झटकली गेली नाही.

हा लळा साधासुधा नव्हता. आमच्या सोलापुरात एकेका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकत्र नांदतात. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरात मुलाच्या कानावर पडते ती तेलुगू. अशा मुलांच्या तोंडी हिंदी बसवली ती पाठ्यपुस्तकापेक्षा मोगलीने आणि त्यामागून आलेल्या ‘डक टेल्स’, ‘टेलस्पिन’ या मालिकांनी, असे माझे मत आहे. बँकेत आईबापांबरोबर आलेली पोरे बाकावर बसून बालूच्या ठेक्यात एकमेकांशी भांडताना मी ऐकली आहेत. पगार न घेता शिकवणारे ते हिंदीचे मास्तर होते आणि मास्तरांचे नाव वर्गात कोणाला ठाऊक नव्हते.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. परदेशी मालिकेच्या नामावलीत मूळ देशातल्या कलावंतांची नावे चित्रासोबतच आलेली असतात. हिंदीत बोलणाऱ्यांसाठी वेगळी पाटी तयार करून जोडावी लागते. त्याला थोडा वेळ आणि थोडा खर्च लागतो, आणि वाहिनीच्या दृष्टीने तेवढ्या वेळात एक जाहिरात बसते. शिवाय डबिंगच्या खोलीत एकच माणूस सकाळी अस्वल, दुपारी म्हातारा लांडगा आणि अधेमधे माकडांचा कालवा असतो. समोर पडद्यावर जपानी संवादाच्या मापाने ओठ हलत असतात. त्या मापात हिंदी वाक्य बसवायचे, श्वास चोरायचा आणि तरीही अस्वलाने अस्वलासारखेच हसायचे. हे काम हमालीचे समजले गेले आणि हमालाचे नाव पेटीवर लिहायची पद्धत नसते. आमच्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, गावाचे नाव कायद्याने जपले गेले. विणणाऱ्याचे नाव कुठल्या कोपऱ्यात असते का, हे चादर उलटसुलट करून पाहावे.

एकाचे नाव झाले की बाकीचे आणखी अंधारात जातात, हा तर याहून विचित्र प्रकार. अमेरिकेत बग्ज बनीला आवाज देणारा मेल ब्लँक याने वॉर्नरच्या कार्टून विभागात पगारवाढ मागितली. मालक श्लेसिंजर याने ती नाकारली, तेव्हा मग पडद्यावर नाव तरी द्या, अशी मागणी त्याने केली आणि ती मान्य झाली, असे तो स्वतः सांगत असे. मालकाला ते फुकटात पडले. पण पाटीवर एकट्या ब्लँकचे नाव झळकू लागल्यावर सगळेच आवाज त्याचे, अशी लोकांची समजूत झाली. सशाच्या मागे बंदूक घेऊन धावणाऱ्या एल्मर फडचा आवाज आर्थर ब्रायन या नटाचा होता. 1959 मध्ये मरेपर्यंत तो एल्मर होता, पण त्या चित्रपटांच्या पाटीवर त्याचे नाव नव्हते. पुढे हीच चित्रे दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे फिरली आणि त्याचे श्रेयही ब्लँकच्या खात्यावर जमा होत राहिले. आपल्याकडे वाघाने जंगल झाकले, तिकडे सशाने शिकारी झाकला.

आपल्याला या बाबतीत एक चांगला दाखला घरचाच आहे. 1938 साली सोलापुरात मास्टर दीनानाथांबरोबर त्यांची थोरली मुलगी रंगमंचावर बसून गायली. तिचे वय तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. त्यानंतर 11 वर्षांनी ‘महल’ चित्रपटातले तिचे गाणे देशभर गाजले, तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव! गाणारी कोण, असे विचारणारी पत्रे आकाशवाणीकडे आली, विचारणा झाली आणि लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. पार्श्वगायनासाठी फिल्मफेअर पारितोषिक नव्हते, तेव्हा त्या सोहळ्यात गायला लताबाईंनी नकार दिला आणि 1959 पासून ते पारितोषिक सुरू झाले. श्रोत्यांनी विचारले, गायिकेने हट्ट धरला, म्हणून आज कुठल्याही जुन्या गाण्यामागचा गळा आपण नावानिशी सांगू शकतो. कार्टूनच्या बाबतीत विचारणारा श्रोता आठ वर्षांचा होता. तो पोस्टकार्ड कुठून टाकणार?

तो श्रोता आता मोठा झाला आहे आणि विचारू लागला आहे. जुने भाग मिळवून कोणी कान लावून बसतो, इथला हा म्हातारा आणि तिथला तो वैज्ञानिक एकच गळा आहे, असे ताडून पाहतो. हे रिकामटेकड्यांचे कोडे आहे, असे मला वाटत नाही. फक्त ते बँकेच्या शिस्तीने व्हावे, एवढी माझी सूचना आहे. बँकेत चेकवरची सही पटवताना समोर नमुना सहीचे कार्ड लागते. सही ओळखीची वाटते, एवढ्यावर पैसे देता येत नाहीत. आवाजाचेही तसेच आहे. नक्कल करणारा सूर उचलतो, चढउतार उचलतो, पण श्वास कुठे घेतला, ‘स’ आणि ‘श’ कसा सुटला, हसू कुठून फुटले, हे सहसा उचलता येत नाही. सहीतल्या दाबासारखे ते असते. म्हणून त्या कलावंताचे दुसरे, खात्रीचे ध्वनिमुद्रण शेजारी ठेवूनच निवाडा करावा. कीथ स्कॉट या ऑस्ट्रेलियन कलावंत-अभ्यासकाने हॉलिवूडच्या जुन्या कार्टूनमधील निनावी आवाज शोधण्यात अनेक वर्षे घालवली. स्टुडिओंचे कागद आणि जुन्या रेडिओ कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे हे त्याचे नमुना कार्ड होते. 2022 मध्ये त्याचे काम दोन खंडांत प्रसिद्ध झाले.

अंदाजाने नाव लावले की काय होते, त्याचेही उदाहरण आहे. 1966 मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर नाताळच्या निमित्ताने ग्रिंच नावाच्या एका खडूस प्राण्याची कार्टूनकथा दाखवली गेली. निवेदन बोरिस कार्लॉफचे होते, नामावलीत त्याचे नाव होते. त्यातले गाजलेले गाणे थर्ल रेव्हनक्रॉफ्ट या खर्जातल्या गायकाने गायले होते, त्याचे नाव राहून गेले. साहजिकच सगळ्यांनी गाणेही कार्लॉफच्या नावावर टाकले. मूळ गोष्टीचे लेखक डॉक्टर स्यूस यांनी स्वतः वृत्तपत्रांतल्या स्तंभलेखकांना पत्रे लिहून खुलासा केला. एकदा चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम परत आणायला किती अर्ज करावे लागतात, हे ज्याने बँकेत काम केले आहे त्याला सांगायला नको.

नाव आधीपासून लावले तर चित्र कसे दिसते, हे जपानकडे पाहून कळते. नोबुयो ओयामा या बाई 1979 पासून 2005 पर्यंत डोरेमॉनचा आवाज होत्या. 2024 मध्ये त्या गेल्या, तेव्हा जपानबाहेरच्या वृत्तपत्रांनीही दखल घेतली. आपल्या घरात तोच डोरेमॉन हिंदीत बोलतो तो सोनल कौशल यांच्या आवाजात. हे नाव आज मुलांना ठाऊक आहे, कारण त्या स्वतः लोकांसमोर येऊन बोलल्या. ज्यांना असे समोर येता आले नाही किंवा ज्यांच्या उमेदीच्या काळात तशी साधनेच नव्हती, त्यांचे काय?

इथे प्रश्न कौतुकापलीकडे जातो. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. नट, गायक, वादक अशा सादरकर्त्यांचे हक्क त्यात आले ते 1994 च्या दुरुस्तीने, आणि अंमल सुरू झाला मे 1995 मध्ये. म्हणजे 1993 मध्ये मोगलीच्या जंगलात बोलणाऱ्यांसाठी त्या वेळी कायद्यात असा हक्कच नव्हता. 2012 च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल पडले. कलम 38-ब प्रमाणे, सादरीकरण आपले आहे अशी ओळख मागण्याचा हक्क कलावंताला मिळाला. पण त्याच दुरुस्तीने सादरकर्त्याच्या व्याख्येला एक शेपूटही जोडले. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक किंवा किरकोळ आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत देत नाहीत, तो सादरकर्ता धरला जाणार नाही. कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्यापुरता काय तो अपवाद. प्रमुख पात्राला आवाज देणाऱ्याचे काम किरकोळ कोण म्हणेल? तरी या शेपटातला तर्क मला खटकतो. रिवाज निर्मात्यांनीच पाडायचा आणि त्या रिवाजाचा आधार घेऊन कलावंताचा हक्क आक्रसायचा! बँकेत उद्या कोणी म्हणाला की या खातेदाराची पावती द्यायची पद्धत नाही, म्हणून त्याने पैसे भरलेच नाहीत असे समजा, तर काय होईल?

आणि आता तर यंत्राला थोडे ध्वनिमुद्रण ऐकवले की ते त्या गळ्याने हवे ते बोलते. अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल होऊ लागली, तेव्हा 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना संरक्षण दिले. त्यांचा आवाज त्यांचा आहे, हे सिद्ध करायला वेगळा पुरावा लागला नाही. उद्या कोणी 1993 चे भाग यंत्राला ऐकवून त्या बालूकडून बिस्किटांची जाहिरात करून घेतली, तर दाद मागायला जाणाऱ्या वृद्ध कलावंताला आधी हे दाखवावे लागेल की तो बालू मीच. त्याच्या हातात काय आहे? पाटीवर नाव नाही. ते बहाद्दर चाहते कान लावून जी यादी करत आहेत, तिची किंमत अशा वेळी कळेल, पण ती यादी खात्रीची असेल तरच.

आज काही ओटीटी मंचांवर परदेशी मालिकेच्या अखेरीस हिंदीत बोलणाऱ्यांच्या नावांची पाटी येते. म्हणजे हे अशक्य नव्हते. (ती वाचण्याआधीच पुढचा भाग सुरू होतो, ही गोष्ट वेगळी. आपणच रिमोट हातात घेऊन ती थांबवावी.) प्रसार भारतीने आपल्या संग्रहातले जुने कार्यक्रम पुन्हा दाखवायला काढले आहेत. प्रत्येक डब केलेल्या मालिकेच्या कंत्राटाची फाइल काढून त्यातली नावे जोडायची, हे काम त्या संस्थेने हाती घ्यावे. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

मोठ्यांचे आवाज नमुना घेऊन तरी पटवता येतील. ज्यांनी तिशीत ही कामे केली ते आज साठीच्या पुढे आहेत. नातवंडांपैकी कोणी मोबाइल समोर धरून त्यांना बोलते करावे. लहानपणी ज्यांनी आवाज दिला त्यांच्याबाबतीत तेही साधणार नाही, कारण तो गळा आता उरलेला नाही. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा 1974 चा फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट दूरदर्शनने कितीदा दाखवला! वसंत देसाईंचे संगीत आणि त्यात गाणारी ती कोवळी मुलगी. ती म्हणजे दाभोळची साधना घाणेकर, हे पुढे कळले ते ती साधना सरगम म्हणून मोठी गायिका झाली म्हणून. जी मुले पुढे गायक-नट झाली नाहीत, शाळामास्तर झाली किंवा आमच्यासारखी बँकेत लागली, त्यांचा माग केवळ कागदावरून लागेल. स्टुडिओने दिलेली मानधनाची व्हाउचर, पावतीवरची पालकाची सही, हजेरीची वही. बँकेत मुदत संपलेले कागद नष्ट करण्याआधी त्यांची यादी करून ती जपून ठेवावी लागते. तिशी ओलांडलेल्या डबिंग स्टुडिओंच्या माळ्यांवर असे गठ्ठे अजून असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मालकांनी ते एकदा उघडून पाहावेत.